तुंबलेलं सिंक आणि ॲसिडची बाटली

बकरी ईदच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आमचं सिंक तुंबलं. तुंबणारच होतं. दोन दिवस घरात नऊ माणसांचं खाणं, शिवाय येणारे-जाणारे. कलेजी, पाया, बिर्याणी, आणि प्रत्येक पातेल्याच्या तळाशी बोटभर चरबी. पाणी काठापर्यंत आलं, वर पिवळसर तवंग आणि त्यात तरंगणारे भाताचे चार दाणे. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "मोरी भर गयी क्या?" आमच्या घरात सिंकला अजून मोरीच म्हणतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, आणि हा शब्द दोन्ही भाषांत आहे. मुलांना सांगायला बरं पडतं.

पाच मिनिटांत धाकटे दीर ॲसिडची बाटली घेऊन हजर. "भाबी, डाल देता हूं. दो मिनट में खुल जाता."

मी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. ईदच्या घरात भावजयीने असं करणं शोभत नाही, हे मला कळतं. तरीही काढून घेतली. कारण दोन वर्षांपूर्वी याच सिंकखाली जे झालं, ते मी विसरलेली नाही.

तेव्हाही असंच तुंबलं होतं. घरातल्या कुणीतरी ॲसिड ओतलं, काही झालं नाही म्हणून आणखी ओतलं, आणि शेवटी प्लंबरला फोन केला. एक तरुण पोरगा आला. खाली बसण्याआधी त्याने विचारलं, "बाई, आत काही टाकलंय का?" घरातून कुणीतरी म्हणालं, "नाही, नाही. साधं पाणी आहे." मी तिथेच उभी होते. पाहुणे बसले होते, आपल्याच माणसाला खोटं कसं पाडायचं, म्हणून मी गप्प राहिले. त्याने पाइपचा नट सैल केला आणि आतलं सगळं त्याच्या मनगटावर, कोपरापर्यंत आलं. मी त्याचा हात कितीतरी वेळ वाहत्या नळाखाली धरायला लावला. कातडी लाल झाली होती, दोन ठिकाणी फोड आले. त्याने काम पूर्ण केलं, ठरलेले तीनशेच रुपये घेतले आणि गेला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. सिंकमध्ये ॲसिड ओतायचं नाही, आणि ओतलं असेल तर पाइप उघडणाऱ्या माणसाला ते सांगितल्याशिवाय त्याला हात लावू द्यायचा नाही.

मुळात ॲसिडने हे काम होतही नाही. दुकानात फरशी आणि संडास धुवायला मिळतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते क्षाराचे डाग काढतं, चरबी विरघळवत नाही. चरबीवर चालतो तो कॉस्टिक सोडा, कारण त्याने चरबीचा साबण होतो. पण पाइप पूर्ण बंद असेल तर तोही एकाच जागी साचून राहतो, तापतो, आणि जो कुणी नट उघडेल त्याची वाट बघतो. आधी कुणी ब्लीच टाकलं असेल आणि वरून ॲसिड पडलं, तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद स्वयंपाकघरात तो श्वासात जाणं म्हणजे थेट दवाखाना. राहिला खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. फसफसतं छान, मुलांना दाखवायला मजेदार. दोघं एकमेकांचा जोर संपवतात आणि मागे जवळपास खारट पाणीच उरतं.

बाटली काढून घेतल्यावर दीर म्हणाले, "फिर कौन करेगा?" मी म्हटलं, "तुम्हीच. मी सांगते तसं करा."

सिंकमधलं पाणी मगाने बादलीत काढलं. रबरी पंप घरात होता, संडासाच्या कोपऱ्यात पडलेला. तो वेगळा ठेवून स्वयंपाकघरासाठी दुसरा आणायला हवा, हे मला त्या दिवशी कळलं. साबणाने धुऊन तोच वापरला. सिंकच्या वरच्या बाजूला पाणी ओसंडून जाण्याचं लहान भोक असतं, ते ओल्या फडक्याने घट्ट बंद करावं लागतं, नाहीतर पंपाचा सगळा जोर तिकडून निघून जातो. पंपाचं तोंड बुडेल इतकं पाणी ठेवून पंधरा-वीस झटके मारले. गुडगुड झालं, पण पाणी हललं नाही.

मग खालचं कपाट रिकामं केलं. पाइपखाली बादली ठेवली. प्लास्टिकचा नट हातानेच फिरतो, पाना लागत नाही. रबरी वॉशर बाजूला नीट ठेवायचा, तो हरवला की रात्रभर थेंब थेंब. बाटलीसारखा गोल ट्रॅप खाली आला आणि दीरांनी तोंड फिरवलं.

आत काय होतं, ते सांगते. पांढरी, मेणासारखी घट्ट चरबी. त्यात चहाचा चोथा, भात, भांडी घासायच्या तारेचे तुकडे, हाडाची एक कपची. आणि दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे. मी मोजले, अकरा निघाले. म्हणजे हे दोन दिवसांच्या ईदचं काम नव्हतं, वर्षभराचं होतं. चरबीने फक्त सगळं चिकटवून दिलं. गरम पाणी आणि साबणाने ती वितळून पुढे जाते आणि जिथे पाणी थंड होतं तिथे पुन्हा थिजते. आपल्याला वाटतं गेली. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ मध्ये अशाच थिजलेल्या चरबीचा, त्यात ओल्या पुसण्यांचे कागद अडकलेला, अडीचशे मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. तो काढायला कामगारांना आठवडे लागले. आमचा गोळा मुठीएवढा होता, एवढाच फरक.

ट्रॅप धुतला, भिंतीकडे जाणाऱ्या पाइपमध्ये बाटली धुवायचा जुना ब्रश फिरवला. शेवटी जमिनीतल्या नहाणी ट्रॅपची जाळी उचलली. हा नहाणी शब्द आपल्या न्हाणीघरातला, आणि आज बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही तो आहे. त्या जाळीखाली एक उलटी वाटी असते, तिच्याभोवती पाणी साठून राहतं आणि गटाराचा वास अडवतं. सिंकखालच्या वाकड्या पाइपचं तत्त्वही तेच. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ मध्ये लंडनमध्ये संडासासाठी त्याचं पेटंट घेतलं. आमच्याकडे ही वाटी "पाणी हळू जातंय" म्हणून काढून फेकतात आणि मग झुरळं कुठून आली म्हणून विचारतात.

चाळीस मिनिटं लागली. काम कठीण नव्हतं, किळसवाणं होतं. माझा मुद्दा या किळशीपाशीच आहे.

कुर्बानीत आमच्या घरचे पुरुष मनापासून राबतात, हे मान्य करायला हवं. गोश्त कापणं, तीन हिस्से करणं, गोरगरिबांच्या घरी पोचवणं, सगळं उत्साहाने. तिसरा हिस्सा वाटून झाला की काम झालं असं समजतात. त्यानंतरची पातेली बायकांची. आणि पातेल्यांनंतरची मोरी "त्या माणसाला बोलवा" या तीन शब्दांत संपते. तो माणूस कोण, त्याच्या अंगावर काय पडणार, याची विचारपूस नाही. वुजूचं पाणी कसं हवं, किती हवं, कोहनीपर्यंत हात कसा धुवायचा, हे आमच्या मुलांना सातव्या वर्षी पाठ असतं. ते पाणी पुढे कुठे जातं, हे मी वर्गात कधी शिकवलं नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं.

आपल्यात जात नाही, असं आपण भाषणात म्हणतो. मग हलालखोर कोण? मेहतर कोण? पिढ्यान् पिढ्या झाडू आणि मैला ज्यांच्या वाट्याला आला, ते कलमा पढणारे लोक आहेत. हलालखोर, म्हणजे हलालची कमाई खाणारा. हे नाव अकबराने रूढ केलं असं अबुल फजल ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवतो. नाव किती इज्जतीचं, आणि त्यांच्या घरी सोयरीक जुळवायला किती जण तयार आहेत? १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत आले. मुसलमान मेहतर बाहेरच राहिला. त्याबद्दल सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण आपल्या मोहल्ल्यात त्याला चहाचा कप कुठला मिळतो, हा जाब सरकारला विचारता येणार नाही.

गटारात माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. असा माणूस गटारात मेला तर कुटुंबाला दहा लाख मिळत, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम तीस लाख केली. म्हणजे माणसं अजून मरत आहेत. आमच्या पातेल्यातली चरबी सिंकमधून निघून त्याच गटारात जाते. बिल्डिंगची लाइन तुंबली की सेक्रेटरी पाचशे रुपये देऊन कुणालातरी चेंबरमध्ये वाकायला लावतात, हातमोज्यांशिवाय. आम्ही गॅलरीतून नाकाला पदर लावून बघतो.

माझ्या सासरच्या जुन्या घरी मोरीचं पाणी परसात जायचं, केळी आणि अळूला. भांडी राखेने घासत. राख चरबी शोषून घ्यायची, आणि उरलेलं मातीत जिरायचं. फ्लॅटमध्ये आलो, राख गेली, परस गेलं, पण "ओत मोरीत" ही सवय तीच राहिली. आता मी पातेलं आधी थंड होऊ देते. थिजलेली चरबी चमच्याने काढून एका जुन्या डब्यात, मग पातेलं वर्तमानपत्राने पुसून, मग पाणी. उर्दू पेपर यासाठी घ्यायला सासूबाईंची मनाई आहे, न जाणो त्यात अल्लाहचं नाव असेल. त्यामुळे मराठी पेपरच्या जाहिरातींच्या पुरवण्या कामी येतात.

त्या दिवशी नट परत बसवला, नळ सोडला, आणि पाणी भोवरा करून खाली गेलं. दीर बराच वेळ बघत राहिले. मग हात धुतले, तीनदा, साबणाने. जेवताना कुणीतरी विचारलं, प्लंबर किती घेऊन गेला. ते म्हणाले, "कोई नहीं आया." आणि ताटातलं हाड उचलून मला विचारलं, भाबी, हे कुठे टाकायचं.