लस आधी मावशींना

आमच्या रुग्णालयात झाडलोट करणाऱ्या बाईंना आम्ही सारे ‘मावशी’ म्हणतो. काही वर्षांपूर्वी कचऱ्याची पिशवी बांधताना त्यांच्या तळहातात सुई घुसली. त्यांनी हात नळाखाली धरला, चिंधी बांधली आणि काम पुढे चालू ठेवले. मला हे कळले तिसऱ्या दिवशी, तेही परिचारिकेकडून. सुई कोणत्या रुग्णाची, हे सांगता येईना. ती पिशवीत टाकणारा मात्र बहुधा मीच होतो. मावशींना लस दिलेली नव्हती. पुढील सहा महिने त्यांच्या रक्ततपासणीचा प्रत्येक अहवाल मी धास्तावूनच उघडला. सुदैवाने त्यांना काही झाले नाही. पण त्याचे श्रेय माझ्याकडे मुळीच जात नाही.

आपण सारे जाणतो, की लस न घेतलेल्या व्यक्तीस बाधित रक्ताची सुई टोचल्यास हिपॅटायटिस-बीच्या संसर्गाची शक्यता 6 ते 30 टक्के असते, तर एचआयव्हीची सुमारे 0.3 टक्के. ज्याचा धोका इतका अधिक, त्यावर 0, 1 व 6 महिने अशा तीन मात्रांची परिणामकारक लस उपलब्ध आहे. आपण स्वतः ती घेतो; मावशी आणि वॉर्डबॉय यांच्यापर्यंत ती क्वचितच पोहोचते. वास्तविक जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 अन्वये कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकास हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस देणे बंधनकारक आहे.

यावर आक्षेप ठरलेला असतो: ‘ही माणसे टिकत नाहीत, तीन मात्रा पुऱ्या कशा व्हायच्या?’ उत्तर सोपे आहे. कामावर रुजू होण्याच्या दिवशीच पहिली मात्रा द्यावी आणि नोंदीचे कार्ड तिच्याच हाती सोपवावे. मध्ये खंड पडला तरी मात्रा पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागत नाहीत. ती उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, तर उरलेल्या मात्रा त्यांनी द्याव्यात. एकाच संस्थेच्या सभासदांना एवढे सहकार्य अवघड नसावे.

दुसरी गोष्ट मौनाची. पगार कापला जाईल, बोलणी खावी लागतील, या भीतीने मावशी बोलत नाहीत. इकडे एचआयव्हीप्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत, खरे तर शक्य तितक्या लवकर सुरू करावी लागतात. हिपॅटायटिस-बीचे इम्युनोग्लोब्युलिन 24 तासांत दिलेले उत्तम. सुई टोचल्याचे सांगणाऱ्यास कोणीही रागावणार नाही, हे प्रमुख डॉक्टरांनी स्वतः सांगितले पाहिजे. आणि ज्याने सुई वापरली, त्यानेच ती टोपण न लावता सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाकावी, हा नियम डॉक्टरांनी प्रथम पाळावा.

16 जानेवारी 2021 रोजी देशात कोविडचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये पहिली मात्रा एका सफाई कर्मचाऱ्यास देण्यात आली होती. तो क्रम योग्य होता. आपले इंदूर 2017 ते 2023 सलग सात वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर ठरले, ते झाडू हाती धरणाऱ्यांच्या बळावर. त्याच इंदूरच्या रुग्णालयांत झाडू धरणारा हात असुरक्षित राहावा, हे आपणांस शोभत नाही.

सभासद बंधुभगिनींना विनंती इतकीच, की ही स्मरणिका मिटल्यावर आपापल्या रुग्णालयातील मावशींना व वॉर्डबॉयना लसीचे कार्ड विचारावे. ते नसेल, तर पहिली मात्रा उद्याच द्यावी. ज्यांना आपण मावशी म्हणतो, त्यांच्याशी नाते एवढे तरी पाळावे.