रंग घेण्याआधी भिंत पाहा

१४ एप्रिल जवळ आला की गंगापूर तालुक्यात घरोघरी रंगाची लगबग सुरू होते. रंगाला हा हंगाम चांगलाच आहे. दिवाळीत भिंतीत पावसाची ओल असते, चैत्रापर्यंत ती सुकते.

पण अलीकडे आम्ही एक गोष्ट पाहतो. घरातला मुलगा वाळूजला कंपनीत लागतो, हातात दोन पैसे येतात आणि दुकानदार म्हणतो, "चुना कशाला? ऑइल पेंट मारा, पुसता येतो." मग मातीच्या भिंतीवर ऑइल पेंट चढतो आणि पावसाळ्यात त्याला फोड येतात. माती-चुन्याच्या भिंतीत जमिनीतून ओल चढते व पृष्ठभागातून बाहेर पडते. तेलरंगाने ही वाट बंद होते. कोंडलेली ओल रंगासकट पोपडा सोडवते. डब्याचे पैसे गेलेच, वर खरवडण्याची मजुरीही आपल्याच माथी!

अशा भिंतीला चुनाच बरा. चुनकळी रात्रभर भिजवावी (पाण्यात पडताच ती उकळते, लेकरे दूर ठेवावीत), फडक्याने गाळावी, थोडा डिंक व नीळ घालून दोन पातळ हात द्यावेत.

आपल्याच जिल्ह्यातील अजिंठा लेणी पाहा. कारागिरांनी खडकावर मातीचा गिलावा केला, त्यात वनस्पतींचे तंतू मिसळले, वर पांढरा पातळ थर देऊन खनिज रंगांनी चित्रे काढली. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी हे तज्ज्ञ आणले. सुटलेला गिलावा त्यांनी पक्का बसवला, हे काम मोठेच. पण चित्रांवर दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळा पडला, तडकला. तो काढण्यात पुरातत्त्व खात्याची कित्येक वर्षे गेली.

सिमेंटचा नवा गिलावा पूर्ण वाळू द्यावा. ओल्या सिमेंटमधील क्षार तेलरंगाचा साबण करतात. आत डिस्टेंपर, बाहेर सिमेंट पेंट. सिमेंट पेंट लावण्याआधी भिंत भिजवावी, नंतरही पाणी शिंपडावे. जुना चुना खरवडल्याशिवाय यातले काहीच धरत नाही.

ऑइल पेंटची खरी जागा लाकूड व लोखंड. दाराला पॉलिश पेपर मारून प्रायमर द्यावा. खिडकीच्या गजांचा गंज तारेच्या ब्रशने काढून आधी रेड ऑक्साइड लावावे.

एक गोष्ट मात्र आम्ही बजावून सांगतो. जुन्या दाराचा रंग कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते. त्याची धूळ पोटात गेली तर लेकरांच्या मेंदूच्या वाढीला बाधा येते. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. आपली दारे त्याआधीची. पाणी मारून घासावे, तोंडाला रुमाल बांधावा, पोपडे कागदावर गोळा करावेत, गरोदर भगिनींनी त्या दिवशी शेजारी बसावे. नवा डबा घेताना त्यावर शिशाबाबत काय छापले आहे ते घरातल्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्यावे, मगच पैसे द्यावेत.