चाकांवरचे घर

‘कॅम्पिंग’ हा शब्द आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हता. पण घर गाडीवर घालून निघणे मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. माझे आईवडील ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्हा सोडायचा आणि उन्हाळ्यातच गावाचे तोंड पाहायचे. बैलगाडीत पत्र्याची पेटी, पीठ, सरपण आणि सगळ्यांत वर मी!

गेल्या हिवाळ्यात एका वर्गमित्राच्या काकांनी भाड्याने घेतलेल्या कॅराव्हॅनमधून भंडारदऱ्याला दोन रात्री राहण्याचा योग आला. गाडीतच बिछाने, गॅसची शेगडी, हात धुण्याचे बेसिन, इतकेच काय, संडाससुद्धा! तळावर पोचताच तिथल्या पोराने विजेची वायर जोडून दिली, पाण्याची टाकी भरून दिली. समोर आर्थर सरोवर, पलीकडे रतनगडाचा डोंगर, पाठीशी कळसूबाईची रांग. पहाटे पाण्यावरून धुके उठे, ते पाहत राहावेसे वाटे. निसर्गाने मला आनंद दिला हे लपवण्याचे कारण नाही. गरिबाच्या पोराने सौंदर्य पाहून आधी उसासाच टाकला पाहिजे, असा काही नियम नाही.

परंतु मित्रहो, त्या पाण्याकडे पाहताना एक विचार मनातून जाईना. प्रवरेवरचे हे विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी पाटांनी खालच्या मुलखात गेले, तिथे ऊस उभा राहिला. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तोही याच पाण्याच्या आधारावर. आणि त्याच खालच्या मुलखात, पाटाच्या कडेला, माझ्या बालपणीचे कितीतरी हिवाळे कोपीत गेले. बांबूच्या कामट्या, पाचट, वर ताडपत्री. दिवा रॉकेलचा. पाणी आई पाटावरून आणी. संडास म्हणाल तर उसाचा फड, तोही अंधार असेतो. कारण फड तोडणारे आम्हीच!

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. माझा त्याला विरोध नाही. तळ चालवणारी पोरे त्याच डोंगरातली होती, त्यांच्या आयांच्या हातच्या भाकरीला गिऱ्हाईक मिळत होते. हे चांगलेच आहे. (रात्री बारापर्यंत कर्णे लावणाऱ्या पाहुण्यांबद्दल मात्र न बोललेले बरे.) माझा प्रश्न निराळा आहे. फिरत्या माणसाला मुक्कामी पाणी, वीज आणि आडोसा लागतो, हे आपल्याला कळते. दोन रात्रींच्या पाहुण्यासाठी ते माळावर आणून देताही येते. मग पाच-सहा महिने एकाच तळावर राहणाऱ्या टोळीसाठी ते का जमू नये? टोळी कुठे उतरणार हे मुकादमाला ठाऊक असते, कारखान्याला ठाऊक असते. एक नळ, चार दिवे, बायकांसाठी दार असलेले चार संडास. मागणी एवढीच आहे. पैशांअभावी हे अडते, यावर माझा विश्वास बसत नाही. टोळी म्हणजे मोसमापुरती माणसे, त्यांना काय करायचे, ही समजूत आड येते.

परतल्यावर आईला सगळे वर्णन सांगितले. गाडीतच शेगडी असते हे ऐकून तिला नवल वाटले नाही. तिने एवढेच विचारले, “आन्‌ पाणी कुनी भरलं?”