मेकॉम्बचा खटला आणि महाडचा खटला

(१) वर्णद्वेष समजून घ्यायचा असेल तर कोणती कादंबरी वाचावी, असे विचारले की आपल्याकडेही पहिले नाव येते ते हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’चे. १९६० साली ती प्रसिद्ध झाली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कादंबरी थोर आहे, याबद्दल वाद नाही. परंतु मराठी वाचकाने तिच्यापाशीच थांबू नये, असे माझे मत आहे. कारण ज्या काळात तिचे कथानक घडते, त्याच काळात आपल्या कोकणात एक खरा खटला चालू होता.

(२) प्रथम कादंबरी. अलाबामा राज्यातील मेकॉम्ब हे काल्पनिक गाव, काळ १९३०च्या दशकातील मंदीचा. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या तरुणीवरील बलात्काराचा खोटा आरोप येतो. न्यायाधीश अॅटिकस फिंच या गोऱ्या वकिलाकडे त्याचा बचाव सोपवतात. अॅटिकस आरोप खोटा असल्याचे भर न्यायालयात उघड करतो, तरीही गोरे पंच टॉमला दोषी ठरवतात. पुढे तुरुंगातून पळू पाहणाऱ्या टॉमच्या देहात सतरा गोळ्या शिरतात.

(३) असा निकाल त्या काळी अलाबामात खरोखर लागत असे. १९३१ साली स्कॉट्सबरो खटल्यात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर अशाच आरोपाखाली खटला भरला गेला. केवळ गोऱ्यांच्या पंचमंडळाने त्यांपैकी आठ जणांना पहिल्याच फेरीत देहदंडास पात्र ठरवले.

(४) आता माझा आक्षेप. ही सारी कथा आपण अॅटिकसच्या लहान मुलीच्या, स्काउटच्या, डोळ्यांनी पाहतो. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहायला ती शिकते आणि तिच्याबरोबर वाचकही शिकतो. पण या शिक्षणाची किंमत टॉमने मोजलेली असते. साक्षीच्या पिंजऱ्याबाहेर त्याचा आवाज आपल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. गावातील कृष्णवर्णीय लोक न्यायालयाच्या सज्जात बसून खटला पाहतात आणि हरलेला अॅटिकस बाहेर पडताना आदराने उभे राहतात. न्याय त्यांच्यासाठी मागितला जातो. तो कसा मागावा, हे ठरवणारे मात्र ते नसतात.

(५) आता महाड. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचा ठराव केला. तरी तीन वर्षे त्या पाण्याला एकाही अस्पृश्याचा हात लागला नाही. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांमधील अंतर एवढे मोठे होते.

(६) ते अंतर १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेने चालून पार केले. परिषदेच्या उभारणीत दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण दलित कार्यकर्त्यांचे कष्ट होते. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरात शिरण्याचा बेत असल्याची अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले.

(७) ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तेव्हा सवर्णांनी तळे खाजगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात दाखल केला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो लोक महाडला जमलेले, बहुतेकांचा आग्रह सत्याग्रहाचाच. आंबेडकरांनी मात्र हुकूम न मोडण्याची भूमिका घेतली आणि ती परिषदेला पटवून दिली. खटला मग पुढे चालला.

(८) या खटल्याचे नाव ध्यानात ठेवावे: नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. येथे प्रतिवादी स्वतःच बॅरिस्टर आहे. मेकॉम्बमध्ये आरोपी एक आणि त्याच्या वतीने बोलणारा दुसरा. महाडमध्ये ज्याला पाणी नाकारले, तोच पुरावे गोळा करतो, युक्तिवादाची दिशा ठरवतो, थांबायचे केव्हा आणि चालायचे केव्हा हेही ठरवतो. माझ्या दृष्टीने दोन्ही खटल्यांतील मुख्य फरक हाच.

(९) मग वरच्या जातींतील माणसांच्या नैतिक वाढीचे काय? महाडमध्ये तीही दिसते, पण वेगळ्या जागी उभी असलेली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण कार्यकर्त्याने. अनुमोदन दिले पां. ना. राजभोज यांनी. अनंतराव चित्रे आणि महाड नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस हे कायस्थ समाजातील. आपल्याच गावाचा आणि जातीचा रोष ओढवून घेऊन त्यांनी एका दलित नेत्याचे नेतृत्व मान्य केले. जेधे आणि जवळकर यांनी ब्राह्मणांना दूर ठेवण्याच्या अटीवर पाठिंबा देऊ केला, तेव्हा आंबेडकरांनी ती अट नाकारली. चळवळीत कोणाला स्थान असावे, हा निर्णयही त्यांचाच होता.

(१०) खालच्या न्यायालयांत हरलेले वादी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. १७ मार्च १९३७ रोजी तेथेही निकाल त्यांच्या विरोधात गेला. न्या. ब्रूमफील्ड यांच्या निकालपत्राचा गाभा असा: अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादी काळापासून अखंड चालत आली आहे, हे वाद्यांना सिद्ध करता आले नाही.

(११) येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने टाळ्या वाजवण्यापूर्वी थांबायला हवे. प्रथा सिद्ध झाली नाही म्हणून वादी हरले. सिद्ध झाली असती, तर ती अन्याय्य आहे का, हा प्रश्न पुढे आला असता. न्यायालयाला तो ठरवण्याची गरजच पडली नाही. म्हणजे दहा वर्षांच्या लढ्यानंतर पाणी मिळाले ते पुराव्याच्या त्रुटीमुळे. अस्पृश्यता हाच अपराध, हे तत्त्व कायद्यात यायला १९५० साली अमलात आलेल्या संविधानाचे सतरावे कलम लागले.

(१२) कोणी म्हणेल, कादंबरीची इतिहासाशी तुलना अन्यायाची आहे. लेखिकेने आपल्याला दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले. मान्य. किंबहुना २०१५ साली प्रकाशित झालेल्या त्यांच्या ‘गो सेट अ वॉचमन’ या कादंबरीत म्हातारा अॅटिकस वर्णविभाजनाच्या बाजूने उभा राहतो आणि हजारो वाचकांचे मन दुखावते. मला ते दुखावणे बोलके वाटते. आपल्याला अन्याय समजून घ्यायचा होता की एक सज्जन माणूस हवा होता?

(१३) अमेरिकेकडे पाहण्याची आपली परंपरा जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. पण त्या अर्पणपत्रिकेनंतरचे सारे पुस्तक आपल्या घराबद्दल आहे. दूरच्या अन्यायाचे वाचन त्यांनी आरशासारखे वापरले. आपण बहुधा खिडकीसारखे वापरतो.

(१४) हे मी देवनारमधून लिहिते आहे. समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील एक नामवंत संस्था १९५४पासून येथे आहे आणि मुंबईची कचराभूमीही येथेच आहे. कचराभूमी सुरू झाली १९२७ साली, म्हणजे चवदार तळ्याच्याच वर्षी. तिच्या कडेला कचरा वेचून जगणाऱ्यांत दलित आणि मुस्लीम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. २०१६च्या जानेवारीत तिथल्या आगीचा धूर शहरभर पसरला, तेव्हा चार दिवस सर्वांना देवनार आठवले. त्या दिवसांत मुंबई बोलली ती आपल्या फुप्फुसांबद्दल.

(१५) म्हणून तरुण वाचकांना एवढेच सुचवते: ‘मॉकिंगबर्ड’ जरूर वाचा, आणि लगेच महाडचा खटला वाचा. आपल्याला किती वाईट वाटले, हे नैतिक वाढीचे माप नव्हे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी बोलावलेल्या सभेत आपण मागच्या रांगेत बसायला तयार आहोत का, आणि त्याबद्दल घरच्यांचे चार शब्द ऐकून घ्यायला तयार आहोत का, हे माप अधिक खरे. सहस्रबुद्धे, चित्रे आणि टिपणीस त्याला उतरले. आपली परीक्षा अजून व्हायची आहे.