होडी खांद्यावर घेण्यापूर्वी

या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी एका पत्रापाशी मी बराच वेळ थांबलो. पुण्याच्या एक वाचक भगिनी लिहितात : "आमचा मुलगा टोरांटोजवळ राहतो. येत्या सप्टेंबरात आम्हा दोघांना घेऊन त्याने चार रात्रींची सफर ठरवली आहे. होडीतून तलावामागून तलाव ओलांडत आत जंगलात जायचे, तंबूत राहायचे. मी ६६ वर्षांची, हे ७१. ह्यांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत. गेल्या तीन महिन्यांत पहाटे उठताना दोनदा तोल गेला. एकदा कपाट धरले म्हणून सावरले. मुलाला सांगू या म्हटले, तर म्हणतात, 'त्याने इतक्या हौसेने ठरवले आहे, उगीच हिरमोड कशाला करायचा?' मी काय करावे?"

वाचकहो, उत्तर एका वाक्यात देता येईल : मुलाला आजच सांगावे. परंतु एवढ्यावर थांबलो, तर सांगणे म्हणजे सफर रद्द होणे, असा समज कायम राहील आणि उद्या दुसऱ्या घरातही हेच मौन पाळले जाईल. म्हणून आधी ही सफर शरीराकडून नेमके काय मागते, ते पाहू.

टोरांटोच्या उत्तरेस मोटारीने सुमारे तीन तासांवर अल्गॉन्क्विन हे प्रांतिक उद्यान आहे. १८९३ साली स्थापन झालेल्या आणि साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेल्या या अरण्यात दोन हजारांवर तलाव आहेत. मोठा रस्ता फक्त दक्षिण भागातून जातो. त्याच्या पलीकडच्या तलावांपर्यंत पोहोचण्याची रूढ रीत म्हणजे कनू; ही निमुळती, उघडी, वल्ह्यांनी चालवायची हलकी होडी. जेथे दोन तलावांमध्ये जलमार्ग नसतो, किंवा मध्ये धबधबा अथवा खडकाळ ओढा आडवा येतो, तेथे होडी पाण्याबाहेर काढून, उलटी करून एकाने खांद्यांवर घ्यायची. बाकीच्यांनी पाठीवर सामान घ्यायचे आणि पायवाटेने पुढचा तलाव गाठायचा. या वाटेला पोर्टेज म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थच मुळी 'वाहून नेणे' असा आहे.

सफरीची छायाचित्रे आपण पाहता, त्यांत आरशासारखे निश्चल पाणी असते, लाल झालेले मेपल असतात. पोर्टेज सहसा छायाचित्रात नसते. परंतु ज्येष्ठांच्या दृष्टीने खरी परीक्षा तेथेच असते. वल्हवताना आपण बसलेले असतो आणि दमल्यास हात थांबवता येतो. पोर्टेजवर मुळांचे जाळे, ओल्या शिळा, चिखल आणि चढउतार असतात, आणि पाठीवरचे ओझे तोल मागे खेचत असते.

आता थोडे गणित. नकाशावर प्रत्येक पोर्टेजची लांबी मीटरमध्ये छापलेली असते. समजा, एका दिवसात ३००, ९०० आणि १,५०० मीटरांची तीन पोर्टेज आहेत. बेरीज २,७०० मीटर. पुण्यातल्या सकाळच्या फेरफटक्याहून हे कमीच, असे वाटेल. पण चार रात्रींचे सामान आणि होडी एका खेपेत क्वचितच जाते. पहिली खेप नेऊन ठेवायची, रिकाम्या हाती परतायचे आणि दुसरी खेप न्यायची. म्हणजे प्रत्येक वाट तीनदा चालायची. २,७०० मीटरांचे ८,१०० मीटर झाले आणि त्यांपैकी ५,४०० मीटर ओझ्यासह. याच उद्यानातील डिक्सन आणि बॉनफील्ड या तलावांमधले पोर्टेज पाच किलोमीटरांहून लांब आहे. दोन खेपांत ते पंधरा किलोमीटरांहून अधिक भरते. शिवाय नकाशा लांबी सांगतो, चढ आणि चिखल नेहमी सांगत नाही. तो तेथे नुकतेच जाऊन आलेल्यांकडून किंवा होड्या भाड्याने देणाऱ्यांकडून विचारून घ्यावा लागतो.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फरच्या व्यापारासाठी अशाच जलमार्गांनी माल वाहणारे फ्रेंच-कॅनेडियन वल्हेकरी सुमारे ४१ किलोंचे एक, अशी दोन गाठोडी एका वेळी पाठीवर घेत. पण त्या धट्ट्याकट्ट्या तरुणांचीही एक शिस्त होती. लांब पोर्टेज ते एका दमात पार करीत नसत. साधारण अर्धा मैल गेल्यावर ओझे उतरवायचे, मागे परतून उरलेला माल आणायचा आणि मग पुढचा टप्पा. या थांब्याला ते 'पोज' म्हणत. परतताना रिकामे चालणे हीच विश्रांती. ज्येष्ठांनी त्यांचे ओझे घेऊ नये, परंतु त्यांचा थांबा अवश्य घ्यावा. दर १० मिनिटांनी, दम लागण्याची वाट न पाहता.

आता मूळ पत्राकडे वळू. अंथरुणातून उठताना तोल जाणे ही किरकोळ बाब नव्हे. पडून किंवा बसून असताना आणि मग उभे राहिल्यावर एका व तिसऱ्या मिनिटाला रक्तदाब मोजून पाहावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर ते लक्षण डॉक्टरांना दाखवावयासच हवे. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी, कमी पाणी पिणे, मधुमेहाने मज्जातंतूंवर झालेला परिणाम अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात, आणि पुष्कळांवर उपाय असतो. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

घरी पहाटे तोल गेला, तर धरायला कपाट असते. तंबूत काय असते? रात्री लघवीसाठी जमिनीवरून उठायचे, वाकून बाहेर यायचे आणि विजेरीच्या प्रकाशात मुळे चुकवत जायचे. उद्यानातील आतल्या मुक्कामांवर शौचाची सोय म्हणजे झाडीत ठेवलेली, झाकण असलेली एक लाकडी पेटी. भोवती भिंत नाही, आधाराला कठडा नाही. अनेक ज्येष्ठ या भयाने संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी अधिकच गळून जातात. पाणी दिवसा पुरेसे प्यावे, निजण्यापूर्वी दोन तास कमी करावे आणि रात्री उठताना सोबत्याला जागे करण्याचा संकोच बाळगू नये.

दुसरी गोष्ट अंतराची. या तलावांवर मोबाइलला बहुतेक ठिकाणी संपर्क मिळत नाही. घोटा मुरगळला किंवा डोक्याला मार बसला, तर मोटारीपर्यंत परतण्यासाठी तीच पोर्टेज पुन्हा ओलांडावी लागतात. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे छोटे यंत्र सोबत असावे. तरीही मदत येण्यास कित्येक तास लागू शकतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या डोक्याला लागलेला साधा मारसुद्धा तातडीने तपासावा लागतो. म्हणून अशांनी रस्त्यापासून दूर मुक्काम करण्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलल्यावाचून घेऊ नये.

येथेच त्या मौनाचे मोल कळते. मुलाने मार्ग आखला, तो आईवडिलांना त्याने जसे शेवटचे पाहिले त्या शरीरांसाठी. बाबांचा तोल जातो हे त्याला ठाऊक नसेल, तर तो सामानाची वाटणी चुकीची करील आणि निसरड्या किनाऱ्यावर त्यांच्याऐवजी होडी सावरायला धावेल. त्यात या उद्यानात कोणत्या रात्री कोणत्या तलावाकाठी मुक्काम, हे आधीच नोंदवावे लागते. दमलेल्या दुपारी ते आरक्षण माणसाला पुढे ढकलत राहते. आपण ज्या हिरमोडातून मुलाला वाचवू पाहतो, त्याहून कितीतरी जड ओझे आपण न कळत त्याच्या खांद्यावर ठेवत असतो.

कॅनडात मुलांकडे जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. पाहुण्यांच्या आरोग्यविम्यात आधीपासूनच्या आजारांविषयी अटी असतात आणि प्रवासापूर्वी ठरावीक काळात औषध बदलले, तर पुष्कळ विमापत्रांत त्याचा परिणाम भरपाईवर होतो. म्हणून तपासणी निघण्याच्या आठवड्यात नव्हे, काही महिने आधी करावी आणि झालेला बदल विमा कंपनीस कळवावा.

सांगितल्यानंतर काय? सफर रद्दच करावी असे नाही, ती नव्याने आखावी. चार रात्री चार तलाव, याऐवजी एकच छोटे पोर्टेज ओलांडून एकाच तलावाकाठी दोन-तीन रात्री राहावे. उदाहरणार्थ, कनू लेक ते जो लेक हे पोर्टेज जेमतेम ३०० मीटरांचे आहे. तंबू एकदाच उभारायचा आणि दिवसा हलक्या पिशवीनिशी होडीतून फिरून यायचे. ओपिओंगो या मोठ्या तलावावर सामान व होडीसह पलीकडे सोडणारी मोटारबोटही मिळते. सप्टेंबर निवडला हे उत्तमच. मे-जूनमधील काळ्या माश्यांचा आणि त्यानंतरच्या डासांचा उपद्रव तोवर बराच ओसरलेला असतो. रात्री मात्र थंड असतात. उतारवयात शरीर ऊब लवकर गमावते, म्हणून सुती कपड्यांऐवजी लोकरीचे किंवा लवकर सुकणारे कपडे असावेत आणि एक कोरडा जोड जलरोधक पिशवीत राखून ठेवावा. तरंगजाकीट आसनाखाली ठेवायची वस्तू नव्हे. गार पाण्यात अकस्मात पडल्यावर पहिल्याच क्षणी श्वास अडखळतो, तेव्हा ते अंगावर असेल तरच कामास येते.

औषधे दुप्पट दिवसांची घ्यावीत आणि दोन निरनिराळ्या जलरोधक पिशव्यांत, शक्य तर दोन होड्यांत ठेवावीत. एक पिशवी बुडाली तरी दुसरी राहील. इन्सुलिन उन्हात तापू देऊ नये आणि गोठूही देऊ नये. दिवसभर वल्हवल्याने साखर उतरू शकते, म्हणून ग्लुकोजच्या गोळ्या सामानात नव्हे, खिशात असाव्यात. तलावाचे पाणी कितीही नितळ दिसले, तरी गाळून किंवा खळखळून उकळूनच प्यावे.

आणि जाण्याचा निर्णय पक्का करण्यापूर्वी घरी तीन परीक्षा घ्याव्यात. एक : जमिनीवर बसून, फार तर एका हाताचा आधार घेऊन, उठता येते का? दोन : पाठीवर चार-पाच किलोंची पिशवी घेऊन पर्वतीच्या पायऱ्या चढून, विशेषतः उतरून, दुसऱ्या दिवशी गुडघे कुरकुरत नाहीत ना? तीन : हे लागोपाठ तीन दिवस जमते का? डॉक्टरांची अनुमती मिळाल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या सरावाने हळूहळू तेथवर पोहोचावे. पहिल्याच दिवशी परीक्षा देऊ नये.

केवळ वय हा अडसर नव्हे, हेही सांगितले पाहिजे. सीमेपलीकडे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातही असाच तलाव-पोर्टेजांचा प्रदेश आहे. तेथील नाइफ लेकवरील बेटावर डॉरथी मोल्टर ही शिकागोहून आलेली परिचारिका रस्त्यापासून दूर, अनेक दशके एकटी राहिली आणि १९८६ साली ७९व्या वर्षी तेथेच निवर्तली. होडीतून येणाऱ्यांना ती घरी केलेले रूट बिअर हे पेय देई आणि कोणी दुखावले-खुपावले, तर मलमपट्टीही करी. ती त्या पाण्याला सरावलेली होती. आपण पाहुणे आहोत. म्हणून आपली वाट आखूड असावी, एवढाच त्याचा अर्थ.

तरुण वाचकांसाठी दोन शब्द. आईवडिलांनी असे काही सांगितल्यास "मग नकोच जाऊ या" हे पहिले वाक्य आपल्या तोंडून येऊ देऊ नका. ते ऐकले, की पुढच्या वेळी ते सांगणार नाहीत. "बरे झाले सांगितलेत, आता मार्ग बदलू," असे म्हणा. आणि परत फिरण्याची अट निघण्यापूर्वीच ठरवा : कोणालाही चक्कर आली, वाऱ्याने लाटा उठल्या किंवा दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोहोचता येणार नाही असे दिसले, तर वाद न घालता मागे वळायचे. आधी ठरलेले असले, म्हणजे ते कोणाच्या दुर्बलतेवर ढकलले जात नाही.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना एवढेच सांगतो : आज रात्री मुलाचा फोन येईल, तेव्हा आपण स्वतः न सांगता रिसीव्हर यजमानांच्या हाती द्या आणि शेजारी बसून राहा. आपल्या तोलाविषयी त्यांनी स्वतःच सांगावे. त्यानंतर मुलाला नकाशा उघडायला सांगा.