भाडेकरूचे नाव यादीत कधी येणार?

डिंडोलीत नवे कुटुंब राहायला आले की आठवड्याभरात त्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते, ‘इथे जरा शांत वाटते.’ खरेच आहे. उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत लूमचा खडखडाट ऐकत ज्यांनी वर्षे काढली, त्यांना इथली रात्र वेगळीच वाटणार. खोलीचे भाडे शहराच्या मानाने परवडते आणि शेजारी आपली अहिराणी कानावर पडते. म्हणूनच धुळे, नंदुरबार, जळगावकडून पोटापाण्यासाठी येणारा माणूस आज डिंडोली, नवागाम, गोडादरा याच पट्ट्यात खोली शोधतो.

पण समाजबांधवांनो, या शांततेत आणखी एक शांतता मिसळलेली आहे आणि ती चांगली नाही. ती भाडेकरूच्या गप्प बसण्याची आहे. गटार तुंबली तरी तो बोलत नाही, पाणी कमी आले तरी बोलत नाही. कारण त्याला वाटते, आपण भाड्याने राहतो, आपला इथे काय हक्क? घरमालकही त्याला तेच ऐकवतो. आणि निवडणुकीला उभा राहणारा माणूस यादी बघतो. यादीत ज्याचे नाव नाही, त्याच्या दारात तो कशाला थांबेल?

आपण सुरतेत काल आलेलो नाही. सुरतेहून खान्देशात जाणारी तापी व्हॅलीची रेल्वे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधली गेली. पुढे १ मे १९६० ला दोन राज्ये झाली, तरी या लाइनवरची माणसांची ये-जा थांबली नाही. दुष्काळ पडला, कपाशी बुडाली, कर्ज झाले, की माणूस उधन्याची गाडी धरायचा. आधी भाड्याची खोली, मग भिशी, मग हप्त्यावर प्लॉट, मग त्यावर पत्रे, मग स्लॅब. डिंडोलीतली कितीतरी घरे अशीच उभी राहिली. २००६ मध्ये सुरत महानगरपालिकेची हद्द वाढली. सुमारे ११२ चौरस किलोमीटरचे शहर एकदम ३२६ चौरस किलोमीटरचे झाले आणि डिंडोली ग्रामपंचायतीतून महापालिकेत आली. रस्ते आले, पूल आला, वेराबिलही आले. शेतांच्या जागी सोसायट्या आल्या आणि त्या सोसायट्यांच्या वरच्या मजल्यांवर भाडेकरू आले.

राजकारणातही आपला माणूस मागे राहिलेला नाही. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारी लोकसभा मतदारसंघातून सतत निवडून आले. लिंबायत विधानसभेत संगीता पाटील २०१२, २०१७ आणि २०२२ अशा तीन वेळा जिंकल्या. कोणी कोणत्याही पक्षाचा असो, ही गोष्ट मान्य करावी लागेल की सुरतेत मराठी मताला वजन आहे. पण वजन मताला असते, माणसांच्या गर्दीला नसते. गणपतीच्या मिरवणुकीत दहा हजार माणसे चालली आणि त्यातल्या निम्म्यांची नावे इथल्या यादीत नसतील, तर ती मिरवणूक मतपेटीच्या दृष्टीने निम्मीच आहे.

हा प्रश्न आत्ताच का काढला? कारण २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गुजरातभर मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली. १९ डिसेंबर २०२५ ला मसुदा यादी लागली, तेव्हा राज्यात ७३ लाखांहून अधिक नावे कमी झालेली होती. त्यात मयत होते, दुबार नावे होती. पण मोठा भाग होता तो स्थलांतर केलेल्यांचा, आणि घरी न सापडलेल्यांचाही. घरी न सापडणारा माणूस कोण असतो? स्वतःच्या बंगल्यात राहणारा सहसा सापडतो. सापडत नाही तो भाडेकरू! दोन वर्षांत तीन खोल्या बदललेला, बी.एल.ओ. येतात तेव्हा बारा तासांच्या पाळीवर गेलेला, आणि शेजाऱ्यालाही ज्याचे पूर्ण नाव माहीत नाही असा.

शिवाय या तपासणीत २००२ च्या यादीशी आपले किंवा आईवडिलांचे नाव जोडायचे होते. २००२ साली जो शिरपूर किंवा शहाद्याच्या यादीत होता, त्याने ते नाव शोधायचे कुठे? लग्न होऊन आलेल्या मुलींची अडचण आणखी मोठी. वडिलांचे नाव माहेरच्या गावच्या यादीत, सासर सुरतेत आणि मुक्काम तिसऱ्याच्याच खोलीत. ज्यांना कोणी समजावून सांगितले त्यांचे काम झाले. ज्यांना कोणी सांगितले नाही, त्यांनी आपले नाव राहिले की गेले हे अजूनही पाहिलेले नसेल.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘घर आपले नाही, मग मतदान कसे करणार?’ असे अनेक जण विचारतात. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा नेमके उलट सांगतो. त्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी त्या मतदारसंघातला रहिवासी ठरत नाही. कायदा विचारतो, तू नेहमी राहतोस कुठे? अखाजीला किंवा कानबाईच्या रोटांना आठ दिवस गावी गेल्याने हे राहणे मोडत नाही. म्हणजे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आणि खालच्या मजल्यावरचा मालक, दोघांचा मताचा हक्क सारखाच आहे.

याच कायद्याचे सतरावे कलम सांगते की एका माणसाचे नाव एकाच मतदारसंघात असावे. गावची ग्रामपंचायत, भाऊबंदकी, शेताचा बांध यांसाठी पुष्कळांनी नाव गावीच ठेवले आहे. त्यांची ओढ आम्ही समजू शकतो. पण वर्षातले अकरा महिने ज्याच्या मुलांना डिंडोलीचे पाणी प्यायचे आहे, त्याचे मत पाण्याचा निर्णय होतो तिथे असायला नको का? गावच्या सरपंचाला निवडून देऊन डिंडोलीतली गटार साफ होणार नाही.

आता कागदाचे बोलू. मत असो की शाळा, भाडेकरू अडतो तो कागदावर. नव्या मतदाराच्या नमुना ६ मध्ये भाडेकरूसाठी नोंदणी झालेला भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. आर.टी.ई.खाली खाजगी शाळेत मुलाला प्रवेश हवा आणि पत्त्याचा दुसरा पुरावा जवळ नाही, तर गुजरातमध्ये नोंदणीकृत भाडेकरारच लागतो. नुसता नोटरी केलेला करार तिथे मान्य होत नाही. आणि आपल्याकडे चालते काय? पुष्कळ ठिकाणी तोंडी व्यवहार, फार तर अकरा महिन्यांचा स्टॅम्पपेपर आणि नोटरीचा शिक्का. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंदवावाच लागतो, म्हणून अकरा महिन्यांची युक्ती निघाली. मालकाचे काम भागते. पोराचा प्रवेश मात्र हुकतो.

भाड्याच्या पावतीचेही तसेच. मुंबई राज्य एक होते तेव्हा, १९४७ साली, जो भाडे कायदा झाला, त्यात भाडे घेताना लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक केले होते आणि भाडेकरूचे पाणी-वीज तोडायला मनाई होती. पुढे महाराष्ट्राने १९९९ चा नवा कायदा केला. त्याच्या ५५ व्या कलमाने करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी थेट घरमालकावर टाकली आणि न नोंदवल्यास शिक्षाही ठेवली. केंद्र सरकारने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरतीच असावी, असे म्हटले आहे. पण हा विषय राज्यांचा आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय त्या आदर्शाचा कोणाला उपयोग नाही. मते मागायला येणाऱ्यांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मार्च २०२० आठवून पाहा. लॉकडाऊन लागल्यावर २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला होता की, कामगारांकडून महिनाभर भाडे मागू नये. आदेश चांगला होता. पण ज्याच्याजवळ करार नाही, पावती नाही, तो आपण भाडेकरू आहोत हेच दाखवणार कसे? त्याच वर्षी स्थलांतरितांसाठी भाड्याच्या घरांची सरकारी योजना आली. सुरतेत त्यातून रिकामी पडलेली ३९३ सरकारी घरे भाड्याने देण्यात आली. लाखो कामगारांच्या शहरात ३९३! म्हणजे गरिबाला घर देण्याचे काम आजही तुमच्या-आमच्या वरच्या मजल्यावरची खोलीच करते आहे.

म्हणून घरमालक बांधवांशी आम्ही आपुलकीने, पण स्पष्ट बोलणार आहोत. आज डिंडोलीत खोल्या भाड्याने देणाऱ्यांत आपलेच पाटील, महाजन, सोनवणे, चौधरी आहेत. तुमची भीती आम्ही जाणतो. करार नोंदवला तर भाडेकरू घर बळकावेल, भाडेकरू दाखवला तर वेरा वाढेल, असे तुम्हाला वाटते. पण लेखी करारात मुदत लिहिलेली असते, भाडे लिहिलेले असते, घर रिकामे करण्याची अटही लिहिलेली असते. वाद झालाच तर तोच कागद मालकाचेही रक्षण करतो. पोलीस आयुक्तांच्या जाहीरनाम्याप्रमाणे भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावीच लागते. ती देताना फोटो आणि आधार मागता, मग करार द्यायला संकोच कसला?

आणखी एक गोष्ट. मटण खाता म्हणून, भाषा वेगळी म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांना सुरतेत कुठे कुठे खोली नाकारली गेली, हे प्रत्येक घरात ऐकायला मिळते. आज आपण मालक झालो आणि दारात आलेल्याला आधी आडनाव विचारू लागलो, तर आपण काय शिकलो? आदिवासी असो, ओडिशाचा असो, उत्तर भारतीय असो, दुसऱ्या धर्माचा असो, वेळेवर भाडे देणारा आणि नीट राहणारा माणूस एवढीच कसोटी पुरे.

भाडेकरू बांधव-भगिनींना सांगणे थोडके आहे. यादीत स्वतःचे आणि घरातल्या प्रत्येक बाईमाणसाचे नाव आजच पाहा. नाव नसेल तर नमुना ६, खोली बदलली असेल तर नमुना ८ भरा. पत्त्याचा एकही कागद नसला तरी अर्ज करा, कारण अशा वेळी जागेवर येऊन पडताळणी करण्याची सोय आहे. अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुला-मुलींसाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. वर्षभर थांबायचे कारण नाही.

आणि मंडळांना विनंती. गणपतीची, कानबाईची वर्गणी काढायला आपण सोसायटीतल्या प्रत्येक दारात जातो. वरच्या मजल्यावर कोण राहतो हे तेव्हा बरोबर सापडते. त्याच फेरीत एक वही सोबत ठेवा. या घरात किती माणसे राहतात आणि त्यातली किती नावे यादीत आहेत, एवढेच लिहून आणा. मग नगरसेवकाला भेटायला जाताना ती वही घेऊन जा. निवेदनापेक्षा ती जास्त बोलेल.