गोंद जाऊ दे, रंग राहू दे!

गाडीवरच्या स्टिकरचा गोंद काढायला थिनर घेताय? बॉस, थांबा! रंगावरचा क्लिअर कोट जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. थिनर, ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर त्यालाच मऊ करतात. ब्लेडचं तर नावच नको. माझ्या डोंबिवलीच्या मावसभावाच्या नव्याकोऱ्या बॉनेटवर ठाण्यातल्या एका सोसायटीने ‘नो पार्किंग’चा स्टिकर डकवला, मेच्या उन्हात तो असा भाजला, की नखाने हलेना. आम्ही गाडी सावलीत घेतली, हेअर ड्रायरने स्टिकर कोमट केला नि कडेपासून सावकाश सोलला. उरलेल्या चिकट्यावर खोबरेल तेल, दहा मिनिटं धीर, मग मऊ फडकं. घासाघीस भाजीवाल्याशी करा, रंगाशी नको! निघालं नाही तर पुन्हा तेल. शेवटी कार शाम्पूने धुवून तिथे वॅक्स लावा. या सगळ्यात जुनं वॅक्सही निघून गेलेलं असतं.